पळसाच्या पानांचा माणूस

आमच्या देवघरात खंडोबाच्या शेजारी चांदीचा एक टाक आहे. घरातला कर्ता पुरुष गेला की सोनाराकडून त्याची पत्र्यावर उठवलेली बोटभर मूर्ती करून घेतात आणि देवांच्या रांगेत बसवतात, तसला. त्यावरचा माणूस घोड्यावर बसलाय आणि त्याच्या हातात तलवार आहे. आमचा हा पूर्वज आयुष्यात कधी घोड्यावर बसला असेल असं मला वाटत नाही. तो मूर्ती घडवणारा पाथरवट होता आणि गेला तो पायी गेला. पण सोनाराकडं ठसा घोड्याचाच होता, म्हणून मेल्यावर त्याला घोडा मिळाला. खरं म्हणजे हा टाक देवात बसला तेव्हा तो मेलेलाही नव्हता. हे आम्हाला पाचव्या पिढीत कळलं.

मी या घरची थोरली सून. माहेर वसमतचं, वडील कारकून, घरात वह्या आणि फायली. लग्न होऊन औंढ्याला आले तर सासरी नुसते दगड. अंगणात दगड, ओट्यावर दगड, वाळत घातलेल्या लुगड्यावर दगडाची भुकटी. नंदी, पिंडी, गावोगावचे मारुती, समाधीचे चिरे, पाटे-वरवंटे, जे मागाल ते. सासरे दगड पसंत करताना छिन्नीच्या बुडानं त्याला दोन टोले द्यायचे आणि कान लावायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचा. भद्द वाजला तर आत तडा आहे असं समजायचं आणि देणाऱ्यानं फुकट दिला तरी उचलायचा नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिल्या वर्षी मला वाटायचं, ही माणसं दगडांशी बोलतात आणि बायकांशी बोलायचं राहून जातं. पुढंही माझं मत फारसं बदललं नाही.

टाकावरचे ते थोरले बाबा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे पणजोबा. निजामाचं राज्य होतं. त्यांच्या हाताची कीर्ती होती म्हणतात, आणि कीर्ती असलेल्या माणसाला जी घाई असते तीही होती. शेजारच्या एका गावानं मारुती सांगितला. चैत्री पुनवेला स्थापना करायची होती. थोरल्या बाबांनी परतीच्या पावसात दगड निवडला. भिजलेला दगड खरा आवाज देत नाही, तो आठ-पंधरा दिवस वाळू द्यावा लागतो, हे पाथरवटाच्या घरातलं शेंबडं पोरगंही सांगेल. त्यांनी ओल्या दगडाला टोला दिला, बरा वाजला म्हणाले आणि कामाला बसले. मूर्ती देखणी झाली. स्थापनेच्या दिवशी सगळ्या गावासमोर अभिषेकाचं पाणी पडलं, आणि खांद्यापासून छातीपर्यंत केसाएवढी एक काळी रेघ उमटली. कोरड्या दगडात ती दिसत नव्हती. पाण्यानं दाखवली.

तडा गेलेल्या देवाला कुणी हात जोडत नाही. गावानं तो मारुती नदीच्या डोहात सोडला आणि थोरल्या बाबांना सांगितलं, पुन्हा या शिवारात दिसू नका. त्यांना मारलं असतं तर परवडलं असतं, असं आत्याबाई म्हणतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; ही सगळी कथा मी त्यांच्या तोंडून ऐकलेली. वैशाख संपता संपता थोरले बाबा हत्यारांची पिशवी घेऊन मुंबईकडं निघाले. मागं बायको होती आणि दोन वर्षांचा मुलगा. मुंबईहून एका वाटसरूच्या हाती निरोप आला, की दर्याच्या पलीकडं काम आहे, जातोय. त्यानंतर काहीच आलं नाही.

गेलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. तोवर खबर आली नाही तर तो मेला असं धरून त्याचं सगळं करायचं. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा देह करतात. पानांची मोजदाद ठरलेली असते, हाताला इतकी, पायाला इतकी. डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा. थोरल्या बाबांच्या भावांनी, ज्यांनी जन्मभर काळा दगड घडवला त्यांनी, आपल्या भावाचा तसला पाचोळ्याचा माणूस केला, तिरडीवर बांधला आणि जाळला. मग नदीवरच थोरल्या आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, बांगड्या फोडल्या. तिचं वय तेव्हा तिशीचं असेल. त्यानंतर सोनाराकडं टाक सांगितला.

थोरल्या आईनं पोट भरलं ते जात्यांवर. जातं झिजलं की दळण नीट निघत नाही. मग त्याच्या वरच्या-खालच्या पाळ्यांवर छिन्नीनं बारीक खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. ती हातोडी घेऊन दारोदार फिरायची. आमच्या भागात हळद पिकते आणि लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळायची रीत होती. लग्नघरच्या जात्याला टाकी तीच लावायची, आणि बायका हळद दळायला बसल्या की तिला मागच्या दारानं घरी पाठवायचे. विधवेची सावली हळदीवर नको. आत्याबाई ही गोष्ट सांगताना दर वेळी इथं थांबायच्या आणि म्हणायच्या, "नशीब बाई एकेकाचं." मी मनात म्हणायचे, नशीब कसलं, माणसांनी केलेलं आहे हे. पुढं प्लेगची साथ आली आणि ती त्यात गेली. तिचा टाक कुणी केला नाही.

हे सगळं मी जुनी कथा म्हणून ऐकत होते, तोवर माझी पाळी आली.

माझा नवरा या घरातला हातानं घडवणारा शेवटचा माणूस. धाकटे भाऊजी मशीन वापरतात. त्यांचे नंदी एकसारखे, गुळगुळीत आणि झटपट होतात. माझ्या नवऱ्याला एका नंदीला महिना लागायचा आणि गिऱ्हाईक भाऊजींचा नंदी घेऊन जायचं. एका ठेकेदारानं समुद्रापलीकडच्या एका देशात देऊळ बांधायला कारागीर मागितले तेव्हा हा निघाला. आपल्या जिल्ह्यातून दोघं गेले, हा आणि कळमनुरीचा एक जण. आम्हाला लेकरू झालेलं नव्हतं. दोन वर्षांनी येतो, मग बघू, असं म्हणून तो गेला.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. इथला दगड लोण्यासारखा मऊ आहे, हाताला गंमत वाटत नाही, असं सांगायचा. आठ महिने असे गेले. नवव्या महिन्यात एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही आला नाही. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, तुमचा माणूस न सांगता काम सोडून निघून गेला, माझंच नुकसान झालं. मी अर्ज केले, कचेऱ्यांत बसले, परराष्ट्र खात्याला किती पत्रं लिहिली त्याला गणती नाही. कळमनुरीचा तो सोबती दोन वर्षांनी परतला. मी त्याच्या घरी गेले. तो उंबऱ्यात बसून राहिला, मान वर केली नाही. "गेला तो तिथून, वहिनी. कुठं गेला म्हाइत न्हाई," एवढंच म्हणाला. त्याच्या बायकोनं चहा केला. मी न पिता उठले.

घरातली माणसं पहिली काही वर्षं माझ्या बाजूनं होती. मग जावेचे दोन गर्भ लागोपाठ गेले. कुणीतरी जाणत्यानं सांगितलं, या घरातल्या एका माणसाला गती मिळालेली नाही, तो अडवून बसलाय. झालं. नवव्या वर्षापासून आत्याबाईंनी धोशा लावला.

"बारा वरसं भरली की पानाचा पुतळा करू," त्या म्हणायच्या. "लेकराला पानी तरी मिळू दे. कवर लटकून ठेवतीस त्याला?"

"आधी मेलेला दाखवा," मी म्हणायचे. "मग बांगड्या माझ्या मी फोडते."

मी हे सासूला तोंडावर म्हणायचे. त्याची आज लाज वाटत नाही. माझ्याकडं माझ्या नवऱ्याचं म्हणून कपाळावरचं कुंकू तेवढं उरलं होतं, आणि ते कुणी पाचोळा जाळून पुसावं हे मला मान्य नव्हतं. जाऊ माझ्याशी बोलेनाशी झाली. तिचाही दोष नव्हता. तिला मूल हवं होतं आणि मी मध्ये उभी होते.

अकरावं वर्ष चालू होतं. महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस होते, देवळाकडं गर्दी वाढत होती. शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. दुपारी नांदेडहून आलेली एक गाडी दाराशी थांबली आणि सत्तरीचा एक माणूस उतरला. पांढरी टोपी, पायांत बूट, काखेत फाईल. देवळाजवळच्या दुकानांत पाथरवटांचं घर विचारत विचारत आला होता.

"नमस्कार," तो म्हणाला. त्याची मराठी पाठ केल्यासारखी होती. "मी मॉरिशसहून आलो आहे. आपल्या घरच्या माणसाची माहिती आणली आहे."

आत्याबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्या उठल्या आणि ओच्यातला लसूण सगळा खाली सांडला. "माझ्या लेकाचं कळलं का काई?" त्यांनी विचारलं. "जित्ता हाय का?"

तो गोंधळला. मी पुढं झाले, त्याला बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू उलगडा झाला. तो माझ्या नवऱ्याचं सांगत नव्हता. तो सांगत होता थोरल्या बाबांचं. ते त्याचेही पणजोबा. आत्याबाईंना हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर घेतला, कारण हा माणूस नात्यानं माझ्या सासऱ्यांचा भाऊ, म्हणजे त्यांचा दीर लागत होता. मग त्या खाली बसून लसूण वेचू लागल्या.

पाहुण्यानं फायलीतून एक फोटो काढला. जहाजातून उतरलेल्या प्रत्येक मजुराचा तिथलं सरकार फोटो काढायचं, त्याची ही प्रत होती. अंगात बंडी, छातीवर आकड्याची पाटी, आणि डोक्यापासून सुटून आल्यासारखे दोन मोठे कान. भाऊजींनी फोटो घेतला आणि नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. माझ्या नवऱ्याचेही कान तसेच होते. मी लग्नानंतर त्यावरून त्याला फार चिडवायचे.

पाहुणा भरभरून बोलत होता. थोरल्या बाबांना तिथं उसाच्या मळ्यात कामाला लावलं. ती जमीन म्हणजे नुसते धोंडे. ऊस लावायच्या आधी ते वेचून ढीग घालावे लागत. आणि तो दगड इथल्यासारखाच काळा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी एक धोंडा हातात घेतला, दुसऱ्या धोंड्यानं वाजवून पाहिला आणि मुकादमाचा मार खाल्ला, अशी त्यांच्या घरात गोष्ट आहे. करार संपल्यावर ते परत आले नाहीत. पिंड्या घडवल्या, नंदी घडवला, आणि गोऱ्या मळेवाल्यांच्या थडग्यांवर बसवायला पंखांच्या बायका घडवल्या. त्यानं मोबाइलवर एक दाखवली. काळ्या दगडाची, मोठ्या पंखांची, पण केस आपल्या औंढ्याच्या देवळावरच्या बायकांसारखे मागं अंबाड्यात बांधलेले, कमरेला मेखला. पाद्री चिडला होता, पण मळेवाल्याच्या बायकोला आवडली म्हणून राहिली. मला हसू आलं. त्या घटकेपर्यंत मला तो माणूस बरा वाटत होता.

मग भाऊजींनी टाक आणला. त्याच्या पाठीवर साल कोरलेलं आहे. पाहुण्याकडं थोरल्या बाबांच्या थडग्यावरच्या अक्षरांचा फोटो होता. आम्ही मेळ घातला. पानांचा पुतळा जाळल्यानंतर थोरले बाबा तीसेक वर्षं जगले होते. तिकडं लग्न केलं होतं, पाच मुलं झाली होती. आणि थोरली आई ज्या प्लेगात गेली, तो या मरणाच्या कितीतरी आधीचा.

जाऊ हळूच म्हणाली, "म्हंजे त्या सवाष्ण गेल्या."

हिरवं लुगडं नेसवून आणि कपाळभर कुंकू लावून न्यायच्या बाईला उघड्या कपाळानं नेलं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं तिला हळदीवरून उठवलं होतं. तिचा नवरा तेव्हा तिकडं दगडाच्या बायकांना अंबाडे घालत होता.

पाहुण्याकडं आणखी एक कागद होता. जहाजावर चढण्याआधी लिहून घेतलेला. तो इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी वाचणारी मीच. मी वाचून दाखवू लागले. बापाचं नाव, गाव औंढा, जात, उंची, डाव्या अंगठ्यावर छिन्नीचा वण. नंतर लग्नाचा रकाना होता. तिथं लिहिलं होतं, विधुर. मूल नाही.

मी तो रकाना दोनदा वाचला. मोठ्यानं.

"हो," पाहुणा म्हणाला, "आम्हांलाही हेच ठाऊक आहे. त्यांची पहिली पत्नी इकडेच वारली होती."

"नाही वारली," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग भाऊजींकडं. "मग तुम्ही सर्व कोण?" त्यानं विचारलं. वाईट हेतूनं नाही, त्याला खरंच कळेना.

"तिच्या मुलाची माणसं," भाऊजी म्हणाले.

तो बिचारा रडला. टाकासमोर डोकं टेकवलं, आत्याबाईंच्या पाया पडला, वहिनी वहिनी म्हणत राहिला. जाताना मला म्हणाला, त्या पंखवाल्या मूर्तीचा चेहरा कदाचित त्यांच्या पहिल्या पत्नीचाच असेल. मला त्याचा संताप आला. दगडात चेहरा काढायला काय लागतं? एक ओळ लिहवून धाडली असती तर त्या बाईचे हात भरलेले राहिले असते. पण पाहुण्याला काय बोलणार. त्याला मी डब्यात लाडू बांधून दिले.

त्या दिवसापासून घर उलटं झालं. आत्याबाईंना त्या कागदांतलं एकच उमगलं, की बारा वर्षांनी मेला म्हणून जाळलेला माणूस जिवंत असू शकतो. मला दुसरं उमगलं. थोरली आई बारा वर्षं वाट पाहत बसली. तिच्या नवऱ्यानं बंदरावरच, एका कारकुनानं विचारलं म्हणून, तिला मारून टाकलं होतं. मी माझ्या नवऱ्याचे तेच कान आठवत होते आणि मला वाटू लागलं, यानंही तेच केलं. ठेकेदार खरं बोलत होता, सोबती खरं बोलत होता. हा उठून गेला आणि कुठंतरी दुसरा संसार मांडून बसला. अकरा वर्षं मी कचेऱ्यांत पत्रं टाकत होते आणि लोक माझी कीव करत होते. माझ्या अंगाची लाही झाली. त्या रागात मी महिनाभर नीट जेवले नाही.

शेवटी एका सकाळी मीच म्हणाले, "बारा वर्षं भरली की करून टाकू. पानं मी आणते."

आत्याबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "न्हाई करायचं."

"तुम्हीच म्हणत होता."

"तवा मला काय म्हाइत. तो हाय कुठं तरी. खातोय, पितोय. तिकडं बायको केली आसल तर करू दे. लेकरं झाली आसतील तर होऊ दे."

"आणि माझं काय?"

आता त्या वळल्या. "तुला नवरा नको आसल, बाई. मला लेक पायजे."

मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, माय जित्ती हाय तवर मी पुतळ्याला अग्नी देनार न्हाई. तिला तकलीफ हुईल." विधी घरच्या पुरुषानंच करायचा असतो. माझ्या हातात काही नव्हतं. जे होतं ते मी केलं: दुसऱ्या दिवशी कुंकू न लावता शाळेला निघाले.

आत्याबाई दारात आडव्या आल्या. एवढीशी बाई, माझ्या खांद्याला लागते. "हे पुसलंस तर तूच त्याला मारलंस म्हनून समज," त्या म्हणाल्या, आणि मला देवघरापुढं नेऊन, हनुवटी धरून, स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं. तेव्हापासून रोज त्याच लावतात. मी आधी लाकडासारखी उभी राहायचे. पुढं सवय झाली. त्याच वर्षी जावेला मुलगी झाली, धडधाकट. आत्याबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "बघा, कुनी अडून बसलेलं नव्हतंच." बारा वर्षं भरली तो दिवस आला आणि गेला. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळी केली. मी खाल्ली. मनात नवऱ्याला एकच शब्द लावला होता, पळपुटा, आणि पोळीच्या घासागणिक तो म्हणत होते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत कळमनुरीचा तो सोबती शाळेत आला. फार खराब झाला होता, गळ्याची हाडं वर आली होती. ऑफिसात बसायला नको म्हणाला. आम्ही पाण्याच्या टाकीमागं उभे राहिलो. पोरं समोर लंगडी खेळत होती.

"वहिनी, मी तुमाला खोटं बोललो होतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, बोला.

"तो कुठंच गेला न्हाई. शिळा वर चढवून राहिले व्हते. साखळी तुटली. तो खाली व्हता. शनवारचा दिवस व्हता. दुसऱ्या दिशी तुमाला फोन करायला कार्ड आनून ठेवलं व्हतं त्यानं."

नववा महिना. तो पहिला रविवार.

ठेकेदारानं सगळ्यांची पारपत्रं काढून घेतली होती. पळून गेला म्हणा, नाहीतर इथंच सडा, असं सांगितलं होतं. देह जाळू दिला नाही. बांधकामाच्या मागच्या बाजूला पुरला. "त्याचं काईच आनू दिलं न्हाई," तो म्हणाला. "इथं आल्यावर सांगनार व्हतो. तुमी दारात आलात, आन् माझी जीभच उचलली न्हाई. मग जितकी वरसं गेली तितकं अवघड झालं. आता डाक्टरनं मला सांगितलं, माझं बी फार दिस न्हाईत."

मी त्याला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. त्याला टाकीतलं पाणी दिलं आणि घंटा झाली म्हणून वर्गात गेले. चौथीचा भागाकार घेतला. फळ्यावर पाठमोरी असताना मला कळत होतं की माझ्या तोंडातून आवाज बाहेर पडतोय आणि तो भागाकाराचा नाही.

मी माझ्या नवऱ्यावर अन्याय केला. हे मी कुणाला सांगू शकत नाही म्हणून लिहून ठेवते. पावणेदोन वर्षं मी त्याला पळपुटा म्हटलं, त्याला दुसरी बायको दिली, मुलं दिली, त्यांच्याशी मनात भांडले. तो बारा वर्षं परक्या मातीत होता आणि फोनचं कार्ड त्याच्या पेटीत होतं. थोरले बाबा तसे होते म्हणून हा तसा नव्हता. मी कान पाहून माणूस ठरवला.

आता पळसाची पानं आणायला हवी होती. आता त्याला खरोखर पाण्याची गरज होती, आणि ते मागायचा हक्क माझा होता. शाळेतून घरापर्यंत मी तेच ठरवत आले. आत गेल्या गेल्या सांगायचं, उभ्या उभ्या.

आत्याबाई ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिचे कान ओढून ओढून तिला काहीतरी सांगत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, त्यामुळं पावलांवरून ओळखतात.

"आज उशीर काहून झाला?" त्यांनी विचारलं.

"एक पालक आले होते," मी म्हणाले.

"काय म्हनत व्हते?"

"काही नाही. पोराचं विचारत होते."

मी आत जाऊन चहा ठेवला. सांगेन, उद्या सांगेन असं स्वतःला म्हणाले, आणि त्याच वेळी मला त्या सोबत्याचा सगळा अपराध कळला. जीभ उचलत नाही म्हणजे काय होतं ते कळलं. त्याला तीन महिने होत आले. आत्याबाईंना वाचता येत नाही आणि भाऊजी दुकानाच्या पाट्यांशिवाय काही वाचत नाहीत, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.

आज सकाळी नेहमीसारखी मी देवघरापुढं बसले. आत्याबाईंनी चाचपडत माझं कपाळ शोधलं, भुवयांच्या मध्ये बोट टेकवलं आणि कुंकू लावलं. दिसत नाही म्हणून हल्ली रुपयाएवढं लावतात. मग मान मागं घेऊन, जणू दिसतंय असं, माझ्याकडं पाहत राहिल्या.

"आता कसं," त्या म्हणाल्या. "आला म्हंजे वळखल तुला."

मी हो म्हणाले आणि शाळेला निघाले.